जुगाराचा नाद आणि जोडीचे मनोविकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुगार सुटावा म्हणून धडपडणारी माणसं आणि त्यांचे घरचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात अडकलेलं असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. जीव द्यावासा वाटत असेल, किंवा घरातलं कुणी तसं बोलत असेल, तर बाकीचं बाजूला ठेवून आधी प्रश्न ६ वाचा.

१. जुगाराचा नाद हा खरंच आजार आहे? मनावर घेतलं तर सुटत नाही का?

काहींचा मनावर घेतल्यावर सुटतोही. आजार म्हणायचं ते ज्यांचा सुटत नाही त्यांच्याबाबत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत हा विकार १९८० साली आला. तेव्हा तो आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत होता. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत त्याला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी बसवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही तो व्यसनांमध्येच आहे.

पुस्तिकेत नऊ लक्षणं आहेत: रक्कम वाढवत नेल्याशिवाय मजा न येणं, खेळ बंद केला की चिडचिड, सोडायचे फसलेले प्रयत्न, डोक्यात सतत तेच, मन बिघडलं की खेळायला बसणं, हरलेलं वसूल करायला परत जाणं, खोटं बोलणं, नोकरी, शिक्षण किंवा नातं पणाला लागणं आणि पैशांसाठी दुसऱ्यांपुढे हात पसरणं. वर्षभरात यातली चार किंवा जास्त दिसली तर विकार. चार-पाच म्हणजे सौम्य, सहा-सात मध्यम, आठ-नऊ तीव्र. किती पैसे गेले हा निकष यादीत कुठेच नाही. फार गेले म्हणून आजार आणि थोडे गेले म्हणून नुसता छंद, असा हिशेब इथे चालत नाही.

२. जोडीचा आजार म्हणजे काय? तो सगळ्यांनाच असतो का?

एकाच माणसात जुगाराच्या विकारासोबत दुसरा मनोविकार असला की तो जोडीचा आजार. सगळ्यांना नसतो, पण नसलेला माणूस शोधावा लागतो. ४३,००० हून अधिक लोकांच्या एका अमेरिकी पाहणीत (निष्कर्ष २००५) ज्यांना आयुष्यात कधीतरी जुगाराचा विकार झाला होता, त्यांच्यातल्या ७३ टक्क्यांना कधीतरी दारूचा, ६० टक्क्यांना तंबाखूचा, ५० टक्क्यांना मनःस्थितीचा (डिप्रेशनसारखा) आणि ४१ टक्क्यांना चिंतेचा विकारही झालेला होता. २०११ साली बऱ्याच देशांतल्या पाहण्यांची बेरीज मांडली गेली. तिच्यात तंबाखूचा आकडा तसाच ६० टक्के निघाला, मनःस्थितीचे विकार मात्र सुमारे ३८ टक्क्यांवर आले. बेरीज शंभरच्या वर जाते, कारण एकाच माणसाला दोन-तीन आजार असतात.

जुगारासाठी कुणाला तपासायला नेलं तर प्रश्न ‘आणखी काही आहे का’ असा नसावा. ‘आणखी काय काय आहे’ असाच विचारावा.

३. आधी काय येतं? जुगारामुळे डिप्रेशन, की डिप्रेशनमुळे जुगार?

दोन्ही घडतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकी पाहणीत, दोन्ही आजार असलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्क्यांमध्ये दुसरा आजार आधीचा होता आणि सुमारे २४ टक्क्यांमध्ये जुगार आधीचा. ‘जुगार सोड, सगळं आपोआप ठीक होईल’ हे घरचं वाक्य त्यामुळे बहुतेकांच्या बाबतीत अर्धंच खरं ठरतं.

अ‍ॅलेक्स ब्लाश्चिन्स्की आणि लिया नोवर या संशोधकांनी २००२ मध्ये जुगाराच्या विकाराकडे नेणाऱ्या तीन वाटा मांडल्या. पहिल्या वाटेवरची माणसं सवयीने, संगतीने आणि सुरुवातीच्या एखाद्या मोठ्या जिंकण्याने ओढली जातात. त्यांचं मन आधी बरं असतं, उदासी येते ती कर्जामागून. दुसऱ्या वाटेवरची आधीच उदास, भेदरलेली किंवा लहानपणी मार खाल्लेली असतात आणि खेळताना तेवढा वेळ त्यांना काही जाणवत नाही. तिसऱ्या वाटेवरची जन्मजात उतावळी. दारू, मारामाऱ्या, बेफाम गाडी चालवणं आणि जुगार हे सगळं तिथे एकाच मुळाचं असतं. माणसं या चौकटींत नेटकी बसत नाहीत, पण उपचार कुठून धरायचा ते यातून कळतं. आपली वाट ओळखायला पुढच्या प्रश्नातला कागद लागतो.

४. डॉक्टर म्हणाले, ‘कधी काय सुरू झालं ते लिहून आणा.’ हे कसं लिहायचं?

एका भेटीतली अर्धी तपासणी या कागदावर उरकते, म्हणून जरा सविस्तर.

कागद आडवा धरा. एकाखाली एक पाच पट्ट्या आखा: जुगार, मन, झोप, दारू-तंबाखू, गोळ्या. वर डावीकडून उजवीकडे वर्षं टाका, शेवटची दोन वर्षं महिन्यांनी. तारखा आठवत नसतील तर लग्न, बदली, परीक्षा, कुणाचा मृत्यू अशा खुणांनी आठवा. जुगाराच्या पट्टीत खेळाचा प्रकारही लिहा: पत्ते, मशीन, सामन्यांवरचं बेटिंग, फोनवरचे डाव. खात्याचा तपशील काढला तर रकमा आणि वेळा आयत्या मिळतात. पहाटे तीनचे व्यवहार दिसले की झोपेची पट्टी अर्धी भरून निघते.

मग उभं वाचा. समजा एका कागदावर असं निघालं: मार्चमध्ये कंपवाताची नवी गोळी, जूनमध्ये डोस दुप्पट, ऑगस्टपासून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर डाव, आणि त्याआधी चाळीस वर्षांत एक पैज नाही. इथे समुपदेशनाआधी गोळीकडे बघायचं (प्रश्न १३). दुसऱ्या एखाद्या कागदावर दर वर्षी दहा दिवस झोप तीन तास, त्याच दहा दिवसांत सगळं खातं रिकामं आणि उरलेलं वर्ष स्वच्छ, असं दिसलं तर प्रश्न ८.

नेहमीची चूक अशी की कागद एकटा रुग्ण भरतो. जिंकलेले दिवस ठळक आठवतात, हरलेले पुसट. घरातल्या एकाने वेगळ्या रंगाच्या पेनने भर घालावी आणि दोन रंग जिथे जुळत नाहीत तिथे खाडाखोड करू नये. तो फरकच डॉक्टरांना हवा असतो.

५. एवढे पैसे हरल्यावर वाईट वाटणारच. मग ते डिप्रेशन कधी म्हणायचं?

मन बहुतेक दिवस, दिवसभर खाली राहिलं किंवा कशातच रस उरला नाही, आणि सोबत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा, मंदावलेपण किंवा मरणाचे विचार यातलं मिळून पाचएक लक्षणांचं गाठोडं दोन आठवडे टिकलं, तर ते डिप्रेशन. कर्जामुळे आलं म्हणून ते खोटं ठरत नाही. ‘कारण आहे ना, मग आजार कसला’ हा युक्तिवाद आम्हाला फार वेळा ऐकू येतो. पाय घसरून मोडला तरी प्लास्टर घालतातच.

घरी करण्याजोगी चाचणी पीएचक्यू-९: गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर दाखवून घ्यावं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्यावर शून्याशिवाय काहीही आलं तर एकूण बेरीज कितीही असो, प्रश्न ६ कडे जा.

६. ‘मी मेलो की तुमची कटकट संपेल’ असं तो म्हणतो. हे खरं मानायचं की नाटक?

खरं मानायचं. स्वीडनमध्ये जुगारविकाराचं निदान झालेल्या लोकांचा माग काढणाऱ्या २०१८ च्या अभ्यासात आत्महत्येने मृत्यूचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या सुमारे १५ पट निघालं. एकूण मृत्यूंमध्ये वाढ १.८ पट होती, यावरून आत्महत्येचा वाटा किती वेगळा आहे ते दिसतं.

सरळ विचारा: ‘जीव द्यायचं मनात येतं का? कसं करायचं ते ठरवलंय का? कधी?’ विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते ही समजूत चुकीची आहे. उलट बोलायला जागा मिळते. बेत, साधन आणि वेळ यातलं काहीही ठरलेलं असेल तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या किंवा आपत्कालीन सेवेला फोन करा. तोवर घरातली कीटकनाशकं, साठवलेल्या गोळ्या, शस्त्रं बाहेर हलवा. नुसती कुलपात नकोत, घराबाहेर. नेहमीच्या गोळ्या चालू असतील तर एका वेळी आठवड्याच्याच आणा आणि घरच्यांकडे ठेवा.

धोका चढतो तो ठराविक वेळी: लपवलेलं कर्ज उघडं पडतं ती रात्र, मोठी हार, जोडीदार घर सोडतो तो दिवस, पोलिसांचा किंवा वसुलीचा फोन. सोबत दारू असेल तर जास्तच. म्हणून कर्ज उघडकीला आलं त्या रात्री हिशेबाचं भांडण नको. हिशेब आठवड्याने केला तरी आकडा तोच राहतो.

७. दारू आणि जुगार दोन्ही आहे. दोन्ही एकदम सोडता येईल का?

येईल, आणि बहुधा तसंच करावं, कारण दोन पेगनंतर ‘आज फक्त एवढेच’ ही मर्यादा पाळणारा मेंदूचा भागच झोपलेला असतो. पण रोज भरपूर पिणाऱ्याने दारू घरी झटक्यात बंद करू नये. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांदरम्यान भ्रम, भास आणि ताप येऊ शकतो आणि तो जिवावर बेततो. सकाळी उठल्यावर थरथर थांबवायला प्यावी लागत असेल, किंवा आधी कधी दारू सोडताना फिट आली असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. जीवनसत्त्व ब-१ त्या काळात आवर्जून दिलं जातं.

तंबाखूचं उलट आहे. तो लगेच सोडायचा हट्ट कुणी धरत नाही, पण विडी-सिगारेटची जागा आणि खेळाची जागा एकच असेल तर जागा बदलावीच लागते.

८. बायपोलर असलेल्या माणसाला जुगाराचा विकार आहे हे कसं ओळखायचं?

बायपोलर म्हणजे मन कधी फार उदास तर कधी अवाजवी चढलेलं असण्याचा आजार. चढलेल्या काळाला उन्माद म्हणतात. उन्मादात माणूस सगळंच जास्त करतो: बोलतो, खर्च करतो, गाडी पळवतो, जुगार खेळतो. म्हणून निदानपुस्तिकेतच अट आहे की खेळणं उन्मादाने जास्त चांगलं उलगडत असेल तर जुगारविकाराचं वेगळं निदान करू नये. ओळख झोपेवरून पटते. उन्मादात तीन तास झोपूनही माणूस ताजातवाना असतो, थकत नाही आणि हे कमीत कमी सात दिवस चालतं. सौम्य उन्मादात चार दिवस. जुगारामुळे जागलेला माणूस दुसऱ्या दिवशी पेंगतो.

खेळ फक्त चढत्या काळात असेल तर आधी मन स्थिर करायचं. मधल्या शांत महिन्यांतही चालू असेल तर दोन आजार आहेत आणि उपचारही दोन. बायपोलर लक्षात न येता नुसती डिप्रेशनची गोळी सुरू झाली, तर मन उसळून उन्मादात जाऊ शकतं आणि खेळणं अचानक भडकतं. डिप्रेशनची गोळी सुरू झाल्यावर झोप कमी आणि उत्साह जास्त दिसला तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. लिथियम (बायपोलरमध्ये मन स्थिर ठेवणारं औषध) चालू असणाऱ्यांनी रक्तातली पातळी वेळेवर तपासावी. उलट्या-जुलाब झाले किंवा अंगदुखीच्या काही गोळ्या घेतल्या तर पातळी धोक्याच्या वर जाते.

९. एडीएचडी हा लहान मुलांचा आजार ना? मग जुगाराशी त्याचा काय संबंध?

एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि उतावळेपणाचा विकार. मुलांचा खरा, पण बऱ्याच जणांत तो मोठेपणीही राहतो. निदानासाठी काही लक्षणं वयाच्या बारा वर्षांआधीची असावी लागतात, म्हणून शाळेची प्रगतिपुस्तकं आणि आईची आठवण उपयोगी पडते. ‘हुशार आहे पण लक्ष नाही’ हा शेरा वर्षानुवर्षं सापडला तर विचार करावा. कंटाळा सहन न होणं, थांबून विचार न करणं आणि लांबच्या मोठ्या फायद्यापेक्षा आत्ताचा छोटा फायदा ओढून घेणं, या तिन्हींना झटपट निकाल लागणारे खेळ चपखल बसतात. मशीनवर काही सेकंदांत निकाल लागतो.

उपचारात गृहपाठ फसतो तो इथेच. ‘आठवडाभर नोंद ठेवा’ असं सांगितलं की वही हरवते. अशांनी रोज एकच ओळ, फोनच्या गजराला बांधून लिहावी. एडीएचडीच्या उत्तेजक गोळ्यांचा उपयोग होतो, पण बायपोलर किंवा नशेचा इतिहास असेल तर डॉक्टर आधी ते तपासतात, कधी उत्तेजक नसलेलं औषध निवडतात.

१०. मला खेळताना एकदम शांत वाटतं, बाकी वेळ छातीत धडधड. हे काय आहे?

चिंताविकार, किंवा मनावरचा जुना आघात. मशीनसमोर किंवा स्क्रीनवर वेळेचं भान सुटतं आणि तेवढा वेळ भीती थांबते. नाद लागतो तो त्या थांबण्याचा, जिंकणं दुय्यम. ओळख अशी की जिंकलेले पैसे काढून घेऊन उठण्याऐवजी ते खेळूनच संपवले जातात, कारण उठलं की भीती परत येणार. इथे चिंतेवरचा उपचार बाजूला ठेवला तर खेळ सुटूनही टिकत नाही. झोपेच्या आणि ‘टेन्शनच्या’ गोळ्या स्वतःहून चालू ठेवू नका. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांची सवय लागते आणि काहींचा त्यांनी स्वतःवरचा ताबा सैल होतो.

११. खेळल्याशिवाय राहवत नाही, म्हणजे हा मंत्रचळ का?

बहुधा नाही. मंत्रचळात (नको असताना तोच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा) हात धुण्याचं किंवा कुलूप तपासण्याचं सुख नसतं. विचार नकोसा असतो, कृतीनेही वैताग येतो. जुगारात, निदान सुरुवातीला तरी, हवंहवंसं वाटतं.

१२. कागदावर ‘व्यक्तिमत्त्वविकार’ लिहिलं आहे. म्हणजे आता काही होणार नाही?

असा अर्थ काढू नका. व्यक्तिमत्त्वविकार म्हणजे तरुणपणापासून चालत आलेली, स्वतःला आणि इतरांना त्रास देणारी स्वभावाची घडण. प्रश्न २ मधल्या २००५ च्या पाहणीत सुमारे ६१ टक्क्यांमध्ये कोणता ना कोणता व्यक्तिमत्त्वविकार आढळला. तो अपवाद नसून नेहमीची बाब आहे. उपचार लांबतो, मधेच सोडून जाण्याचं प्रमाण जास्त राहतं, एवढं खरं. आमचं मत असं, की ऐन कर्जाच्या धुमाळीत हे निदान पक्कं करू नये. खोटं बोलणं, पैसे उचलणं, भडकणं हे जुगार चालू असेपर्यंत कुणातही दिसतं. खेळ थांबून काही महिने गेल्यावर जे उरतं ते बघावं, आणि विशीच्या आधी तसंच होतं का तेही.

१३. गोळ्यांमुळे जुगाराचा नाद लागू शकतो का?

हो, आणि हे सर्वांत जास्त दुर्लक्षित उत्तर आहे. कंपवातावर दिली जाणारी प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही औषधं मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाची नक्कल करतात. ३,०९० रुग्णांच्या २०१० च्या अभ्यासात ५ टक्के कंपवाताच्या रुग्णांमध्ये जुगाराचा विकार आढळला. जुगार, खरेदी, अतिखाणं आणि लैंगिक आवेग असे चारही धरले तर या प्रकारची औषधं घेणाऱ्यांत १७ टक्के, न घेणाऱ्यांत ७ टक्के. हीच औषधं पाय अस्वस्थ होण्याच्या आजारातही देतात. मनोविकारांमध्ये आरिपिप्राझोल या औषधाबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०१६ मध्ये असाच इशारा दिला. डोस कमी केल्यावर किंवा औषध थांबवल्यावर ओढ सहसा जाते.

गोळी स्वतः बंद करू नका. कंपवाताची औषधं झटक्यात थांबवली तर अंग ताठरतं, शिवाय घबराट आणि खोल उदासी येऊ शकते. तीन गोष्टी लिहून डॉक्टरांना फोन करा: गोळीचं नाव, डोस कधी वाढला, ओढ कधी सुरू झाली. रुग्ण लाजेने सांगत नाही आणि डॉक्टर विचारायला विसरतात. जोडीदाराने डोस वाढेल त्या प्रत्येक वेळी महिन्याभराने खात्याचा तपशील बघावा.

१४. कधी पत्ते न खेळलेले वडील साठीत अचानक पैसे लावू लागले. आता एवढ्या वयात नाद?

आधी औषधांची यादी (प्रश्न १३). ती स्वच्छ असेल तर मेंदूची तपासणी. मेंदूच्या पुढच्या भागाचा स्मृतिभ्रंश बहुतेक वेळा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो आणि सुरुवातीला स्मरणशक्ती बरीच शाबूत असते. बदलतो तो स्वभाव. भलतंच बोलणं, गोडाची हाव, दुसऱ्याच्या दुःखाने न हलणं आणि पैशांबाबत बेफिकिरी एकत्र दिसली तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या. अशा माणसाला समुपदेशनाने समजावत बसणं व्यर्थ. खात्याचे अधिकार वेळीच हलवणं महत्त्वाचं.

१५. दोन आजार असतील तर आधी कुठला बरा करायचा?

शक्यतो दोन्ही एकाच वेळी, आणि दोन ठिकाणी जात असाल तर दोघांना एकमेकांचा कागद दाखवून. ‘आधी जुगार सोडून या, मग डिप्रेशन बघू’ किंवा याच्या उलट, असं सांगितलं गेलं तर दुसरं मत घ्या. रांग मोडायची ती एवढ्यांसाठी: आत्महत्येचा धोका, उन्माद, भास-संशय, दारू सोडतानाची थरथर आणि औषधामुळे लागलेला नाद. हे आधी, बाकी सगळं सोबत.

१६. जुगार सोडवणारी गोळी आहे का?

खास जुगारासाठी म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्य केलेलं एकही औषध नाही. दारू आणि अफूजन्य व्यसनांसाठी वापरलं जाणारं नाल्ट्रेक्सोन ओढ कमी करायला तज्ज्ञ देतात. विशेषतः ओढ तीव्र असेल किंवा सोबत दारू असेल तेव्हा. सुरू करण्याआधी यकृताची तपासणी लागते. अफूजन्य वेदनाशामकं चालू असताना ते घेतलं तर लगेच तीव्र त्रास सुरू होतो, म्हणून ती आधी साधारण ७ ते १० दिवस बंद असावी लागतात. खोकल्याच्या औषधातलं कोडीनही यात येतं हे लोक विसरतात.

डिप्रेशनच्या गोळ्या डिप्रेशन बरं करतात. नुसत्या जुगारावर त्यांच्या चाचण्यांचे निकाल एकसारखे नाहीत. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णाकडे पहिल्या काही आठवड्यांत जास्त लक्ष ठेवावं, कारण त्या काळात काहींमध्ये मरणाचे विचार वाढतात.

१७. समुपदेशनात नुसत्या गप्पाच असतात ना?

नसाव्यात. जुगारासाठी सर्वांत जास्त तपासलेला उपचार म्हणजे बोधात्मक वर्तन उपचार, आणि त्यात गृहपाठ असतो. एक: ओढ कधी येते याची नोंद (वेळ, जागा, सोबत कोण, खिशात किती, मनात काय). दोन: पैशाची वाट अडवणं, म्हणजे पगार दुसऱ्याच्या खात्यावर, कार्ड परत, स्वतःला खेळाच्या ठिकाणी आणि अ‍ॅपवर प्रवेशबंदी. तीन: ओढ आली की अर्धा तास ढकलणं, ती लाटेसारखी चढून उतरते. चार: चुकीचे हिशेब. नाणं पाच वेळा छापा पडलं तरी सहाव्यांदा काट्याची शक्यता निम्मीच, कारण नाण्याला मागचं आठवत नाही. तीनपैकी दोन चित्रं जुळून तिसरं थोडक्यात हुकलं तर ती हारच असते, पण मेंदू तिला जिंकल्यासारखी दाद देतो.

जोडीचा आजार असेल तर हा क्रम बदलतो. डिप्रेशनमध्ये चौथ्या पायरीपर्यंत जायची ताकद नसते, म्हणून आधी झोप आणि दिवसाचा आराखडा. आघात झालेल्याला त्या आठवणीत लगेच उतरवलं तर तो थेट खेळाकडे पळतो. आधी पैशाची वाट अडवायची, मग आठवणींवर काम.

१८. जुगार सोडून दहा दिवस झाले आणि मी आधीपेक्षा जास्त चिडचिडा झालोय. असं का?

खेळ थांबला की अस्वस्थता येते, ते लक्षणांच्या यादीतच आहे. शिवाय खेळाखाली दबलेलं वर येतं. चिडचिड आठवड्यागणिक उतरत असेल तर ती सोडण्याची. दोन आठवड्यांनीही तशीच असेल किंवा वाढत असेल तर प्रश्न ५ मधली चाचणी करा. या काळात दारू, खरेदी किंवा शेअरचे दिवसभरातले सौदे वाढतात का तेही पाहा. नाद खोली बदलतो, घर तेच राहतं.

१९. घरच्यांनी कर्ज फेडून टाकावं का? तो फार खचला आहे.

रोख रक्कम हातात देऊ नका. आधी सगळ्या देण्यांची यादी: कुणाचं, किती, व्याज किती, तारीख कोणती. यादी पहिल्यांदा कधीच पूर्ण नसते. आठवड्याने पुन्हा विचारा. द्यायचंच असेल तर धनकोला परस्पर द्या. उन्मादात केलेले व्यवहार असतील तर कागदपत्रं आणि त्या काळातल्या उपचाराच्या नोंदी एकत्र ठेवून वकिलाला दाखवा. खचलेल्या माणसाचं सगळं कर्ज एका दिवसात फेडून टाकलं की दोन गोष्टी होतात: त्याला तात्पुरतं हलकं वाटतं आणि खेळायला पत मोकळी होते. आत्महत्येचा धोका असेल तर उपाय प्रश्न ६ मधला, कर्जफेड नव्हे.

२०. डॉक्टरांना फक्त झोप येत नाही असं सांगितलं. जुगाराचं कसं सांगू?

दोन प्रश्नांची एक जुनी चाचणी आहे: पैज वाढवत नेण्याची गरज वाटली का? किती खेळता याबद्दल जवळच्यांशी खोटं बोलावं लागलं का? यातल्या एकालाही ‘हो’ असेल तर एवढंच म्हणा, ‘झोपेबद्दल आलो होतो, पण मी जुगारही खेळतो आणि तो थांबत नाही.’ पुढचं विचारणं डॉक्टरांचं काम. बोलवत नसेल तर पीजीएसआय ही नऊ प्रश्नांची चाचणी भरून टेबलावर ठेवा. तिच्यात २७ पैकी ८ किंवा जास्त गुण म्हणजे समस्या आहे. सोबत प्रश्न ४ मधला कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं न्या. नावं आठवून सांगू नका, पाकिटंच न्या.

२१. बायपोलर वर्षभर स्थिर आहे, गोळ्या वेळेवर आहेत, तरी तो पुन्हा खेळला. म्हणजे औषध निकामी झालं?

लगेच तसं धरू नका. खेळला त्याच्या आधीच्या आठवड्यातली झोप लिहा. झोप कमी आणि उत्साह जास्त असेल तर औषधाकडे बघावं लागेल. झोप नेहमीची असेल, पगार त्या दिवशी त्याच्याच हातात आला असेल किंवा एखादी मोठी स्पर्धा चालू झाली असेल, तर औषध आपलं काम करतंय आणि पैशाची वाट मोकळी राहिली आहे (प्रश्न १७ मधलं ‘दोन’). मध्यंतरी औषध बदललं असेल तर नव्या गोळीचं नाव प्रश्न १३ मधल्या नावांशी ताडून पाहा. तिसरी शक्यताही तपासा: एकट्याने खेळला की कुणासोबत, आणि त्या संध्याकाळी प्यायला होता का.